आडवी रेघ, तिरकी रेघ

हिमायतनगरच्या त्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात कॉम्प्युटर आला तेव्हा नोंदी ठेवणाऱ्या शोभाला वाटलं होतं, आता तरी काम हलकं होईल. झालं उलटंच. दिवसभर नोंदी हाताने लिहायच्या आणि संध्याकाळी त्याच पुन्हा टाइप करायच्या. मान आखडायची. घरी गेल्यावर भाजी निवडायचंही जिवावर यायचं.

त्या उन्हाळ्यात व्यवस्थापक सुधीर यांनी नवं काम काढलं. कॉम्प्युटरमधली दोन टेबलं, म्हणजे तक्ते, एकमेकांना पक्की जोडायची. एकात रुग्णांची नावं-पत्ते, दुसऱ्यात नेत्ररोपणासाठी थांबलेल्यांची प्रतीक्षायादी. रुग्ण क्रमांक दोन्हींत होता; तो जुळला की झालं. पण मशीन अडून बसलं. यादीतल्या काही क्रमांकांना पलीकडे माणूसच सापडत नव्हता.

"उडवून टाका त्या ओळी," सुधीर म्हणाले. "सोमवारी ट्रस्टी बघायला येतायत."

"आज नको, सर. आज डोकंच चालत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता तिच्या लक्षात आलं. नावांच्या टेबलात '95-417' होतं, यादीत '95/417'. मधे काही महिने एक तात्पुरता ऑपरेटर होता, तो तिरकी रेघ मारायचा. माणसाला दोन्ही एकच. मशीनला मात्र ते दोन वेगळे क्रमांक, म्हणून या लोकांना बोलावण्याची पत्रं कधी निघालीच नव्हती.

तिने एकेक रेघ बदलली. नावं आपापल्या जागी येऊन बसली. चौकशी केली तर कुणी दुसरीकडे ऑपरेशन करून घेतलं होतं, काही जण वारले होते. उरले एकनाथराव, तारनाका. नोंदणीच्या तारखेने यादीत सगळ्यांत वर.

सुधीर यांनी स्क्रीनवरची तारीख पुन्हा तपासली. "पण दानात येणारा पुढचा डोळा यादीतल्या त्या मुलीचा, शर्वरीचा, म्हणून आपण तिच्या घरी सांगून बसलोय."

"हो."

"आता?"

शोभाने पर्स उचलली आणि तारनाक्याची बस पकडली.

एकनाथराव मूळचे नांदेडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. दारातच खुर्ची टाकून बसले होते. शोभाने सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून ती मनाची तयारी करून आली होती.

"मला वाटलं, म्हाताऱ्याला कशाला डोळा, म्हणून सोडलं असेल," ते म्हणाले. "पोरगा म्हणायचा, जाऊन विचारू. मीच म्हणलं, नक्को, कशाला उगा खेटे."

"आता नंबर तुमचाच आहे. याल ना?"

"माझ्यामागे कोण आहे?"

"एक मुलगी आहे. कॉलेजात शिकते."

ते खुर्चीचा हात चाचपत राहिले. आता नाही म्हणतील, असं शोभाला वाटलं. आणि थकलेल्या मनाला क्षणभर बरंही वाटलं, त्या मुलीच्या घरी करायचा एक फोन वाचला असता.

"येतो," एकनाथराव म्हणाले. "लई दिवस झाले, बाई. मला पण बघायचंय."

"या," ती म्हणाली.

शर्वरीच्या वडिलांना फोन शोभानेच केला. ते आधी विनवत होते, मग ओरडले. "तुमच्या कॉम्प्युटरच्या चुकीची किंमत माझ्या पोरीने का मोजायची?" तिने रिसीव्हर कानापासून दूर धरला नाही. बोलून झाल्यावर त्यांनीच फोन आपटला.

पंधरवड्यात डोळा आला. एकनाथरावांचं ऑपरेशन झालं. धूसर का होईना, बसवरचा नंबर त्यांना वाचता येऊ लागला. शर्वरीचा नंबर दिवाळीनंतर लागला. तोवर तिची परीक्षा हुकली होती. पट्टी काढायला आली तेव्हा शोभाने उठून तिला आपली खुर्ची दिली. ती बसली नाही. वडिलांचा हात धरून भिंतीशी उभी राहिली, आत बोलावेपर्यंत.