टेबलावरची पाच नाणी

व्हर्ना प्रूइट पहिल्यांदा आजी झाली ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. तिची मुलगी डार्लीन जानेवारीत बाळंत झाली आणि मार्चच्या पहिल्या रविवारी आईबरोबर पुन्हा खाणावळीत वाढायला उभी राहिली. अंगात चार दिवसांचा ताप होता.

केंटकीतल्या त्या गावात रविवारी चर्च सुटले की खाणावळ भरून जाई. मालक ऑर्विल वाढणाऱ्या बायकांना निम्माच पगार देई. उरलेला गिऱ्हाइकांनी खुशीने ठेवलेल्या टिपेतून सुटावा, अशी कायद्यानेच मुभा होती. आजारपणाची रजा नव्हती. "घरी जा, अडवतंय कोण?" असे तो म्हणे. पण घरी गेले की टेबले दुसऱ्या बाईकडे जात आणि टिपही.

व्हर्नाचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. हातात कॉफीची किटली, डोळे मुलीवर.

"डार्ली, खोकला आत स्वयंपाकघरात काढून ये. आणि हस गं जरा."

"हसतेय की! आता काय नाचू?"

"नाच म्हटलं तर नाचायचं. रविवार आहे."

खिडकीशी वखारवाले क्लेटन मॅबरी बायकोसह बसले होते. चर्चमधले मोठे दानशूर. बसल्याबरोबर ते टेबलाच्या कडेला पाव डॉलरच्या पाच नाण्यांची चवड रचत. वाढणारीची चूक झाली की एक नाणे परत खिशात. ते याला शिस्त म्हणत. गावाला त्यात काही वावगे वाटत नसे. व्हर्नालाही नाही, मुलीला तिनेच शिकवले होते की नाण्यांकडे बघू नकोस, बश्यांकडे बघ.

गरम वाढायची पावासारखी बिस्किटे गार निघाली. एक नाणे गेले. कॉफीला उशीर झाला. दुसरे गेले. डार्लीन दम घ्यायला रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर क्षणभर रेलली, तर मॅबरींनी तिसरे उचलले.

व्हर्ना ताडकन तिथे गेली. "साहेब, ताप आहे तिला."

"मग आणलीस कशाला? टिप ही माझी खुशी आहे, व्हर्ना. द्यायलाच हवी असं कायद्यात दाखव मला."

"नाही दाखवता येत. पण तिचा निम्मा पगार तुमच्या खुशीवर टांगलाय, ते मात्र कायद्यात आहे."

"बिस्किटं खरंच गार होती हो," बायको पुटपुटली.

व्हर्नाने उरलेली दोन नाणी उचलली आणि त्यांच्या बशीतल्या रश्श्यात टाकली. "जेवा सावकाश. आम्ही निघालो."

ऑर्विल धावत आला. "डोकं फिरलं का तुझं? आता गेलीस तर परत येऊ नकोस!"

"येईन की. आत नाही, दारात उभी राहीन. पोरींना पूर्ण पगार दे म्हणून ओरडेन."

तिने आपला कोट मुलीच्या खांद्यावर टाकला.

"आई, उद्यापासून खायचं काय?"

"आधी डॉक्टर."

फुप्फुसे भरून आली होती. "आधी का नाही आणलंत?" डॉक्टरांनी विचारले. आधी दोघी बश्या उचलत होत्या.

मॅबरींनी मोठे पुष्पचक्र पाठवले, न मागता. एप्रिलपासून व्हर्ना दर रविवारी खाणावळीच्या दारात उभी राहू लागली. आत जाणारे बहुतेक लोक मान खाली घालून जात.

डार्लीन प्रूइट न्यूमोनियाने वारली. गुरुवार, सात मार्च एकोणीसशे चौऱ्याहत्तर. वय बावीस.