कडेचं विमान

गेरासिम ल्वोविचनं सकाळपासून तिसऱ्यांदा चूळ भरली, तरी तोंडाची कडवट चव जाईना. जाणार कशी? घाण तोंडात नव्हतीच, टेबलावर पडली होती. दीड किलोचं पुस्तक, गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं: ‘वलेरियान स्तुदेन्निकोव, बर्फाचा सुपुत्र’. साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त छापलेलं. काल एक ड्रायव्हर ते देऊन गेला होता, सोबत आमंत्रण: ध्रुववीरांच्या दिवशी संग्रहालयात या, जुने सहकारी म्हणून दोन शब्द बोला.

पान सातवर साहेब अस्वलाच्या पिलाला बाटलीनं दूध पाजतायत. पान सतरावर छातीवर सोन्याचा तारा. पान तीसवर संसदेच्या पायऱ्या. पान चाळीसवर हेलिकॉप्टरनं थेट ध्रुवावर, सोबत दोन मंत्री, एक पाद्री आणि एक गाणारी बाई. पाऊण तास बर्फावर उभं राहायचं, फोटो काढायचे, परत फिरायचं. दर पानाला दाढी आणखी लांब, आणखी पांढरी, आणखी विंचरलेली.

“दाढी आहे की मतांची झोळी!” गेरासिम भिंतीला म्हणाला. त्या घरात ऐकायला भिंतीच होत्या.

पण खरी घाण होती ती पान चोवीसवर. तिथे एका जुन्या तारेचा, म्हणजे टेलिग्रामचा, फोटो होता. ‘हिमखंड दुभंगला. माणसं सुखरूप. मी शेवटच्या विमानानं निघत आहे. स्तुदेन्निकोव.’ आणि खाली बारीक अक्षरांत: रेडिओवाला, पोदोस्योनोव. पोदोस्योनोव म्हणजे कोण? हाच की, आपला चूळ भरणारा गेरासिम.

त्यात काल संध्याकाळी उस्तिन्या येऊन गेली होती. उस्तिन्या म्हणजे प्रोखोरची बायको, म्हणजे विधवा, छत्तीस वर्षांपासूनची विधवा. प्रोखोर स्तुदेन्निकोवच्या तळावर, समुद्रात वाहत्या हिमखंडावर, डिझेलचं इंजिन सांभाळायचा. संग्रहालयाच्या अंगणात नवा दगड बसला होता, बर्फावर मेलेल्यांची नावं कोरलेला. बेचाळीस नावं. प्रोखोरचं नव्हतं. कारण स्तुदेन्निकोवच्या अहवालात लिहिलं होतं की इंजिनवाला दारू पिऊन आदल्या दिवशीच तळ सोडून भटकला आणि हरवला.

“गेराशा, तो प्यायचा, मी नाही म्हणत नाही,” ती म्हणाली होती. “पण कामावर? इंजिनाजवळ? अरे, माझ्यापेक्षा त्या इंजिनाला जास्त जपायचा मेला. तू तिथे होतास. उद्या परवा बोलायचंच आहे तुला, तर एवढं एक सांग ना त्यांना. एक ओळ कोरायला दगडाला काय जड जातंय?”

आणि गेरासिम काय म्हणाला? “बघतो.” छत्तीस वर्षं मूग गिळून बसलेला माणूस दुसरं काय म्हणणार!

तर ध्रुववीरांच्या दिवशी गेरासिम कोट घालून निघाला. द्वीना नदीतला बर्फ आठवड्यापूर्वीच वाहून गेला होता, अर्खांगेल्स्कच्या घाटावर बायका भाजीची रोपं विकत होत्या. संग्रहालयात गर्दी, कॅमेरे, फुलं. मागच्या खोलीत उस्तिन्या ध्रुववीर मंडळातल्या बायकांबरोबर अख्खा कॉड मासा भरून भाजलेले पाव कापत होती. तिनं त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. बोलशील ना?

ती तार दिव्याखाली काचेत ठेवली होती. काचेसमोर निकांद्र उभा होता, म्हातारा वैमानिक. आयुष्यभर बर्फावर विमानं उतरवलेला, पण त्यांच्या मोहिमेत नसलेला. तो वाकून वाचत होता आणि नाक मुरडत होता.

“गेरासिम, हे बर्फावरून आलेलं नाही.”

“कशावरून?”

“डोळे फुटलेत का तुझे? ‘शेवटच्या विमानानं’! अरे, हिमखंडावर उभा असलेला कुठला माणूस हा शब्द तोंडातून काढेल? माझी सासू काढणार नाही, आणि ती तर कधी घराबाहेर पडली नाही!”

खरंच होतं ते. बर्फावर काम करणाऱ्या लोकांत शेवटचं असं काही नसतंच. शेवटचं म्हणजे त्यानंतर मरण. म्हणून ‘कडेचा’ म्हणायचं. कडेचा दिवस, कडेची खेप, कडेचं विमान. नवशिक्याच्या तोंडून चुकून ‘शेवटचं’ निघालं, तर डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकायला लावत आणि वर भांडी घासायला बसवत.

“कुणा शहरी बाबूनं उबदार खोलीत बसून लिहिलंय हे,” निकांद्र म्हणाला. “आणि खाली नाव तुझं. काय रे?”

गेरासिम काचेवरचा डाग रुमालानं पुसायला लागला. लिहितानाच त्याला तो शब्द खुपला होता. स्तुदेन्निकोव युवक संघटनेच्या कचेरीतून थेट तळप्रमुख होऊन आलेला, त्याला काय ठाऊक! गेरासिमनं मुद्दाम तो शब्द तसाच ठेवला होता. वाटलं होतं, कुणीतरी पकडेल, कुणीतरी विचारेल, म्हणजे मला स्वतःहून बोलावं लागणार नाही. वा रे शूर! छत्तीस वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आज विचारलं तर याची जीभ टाळ्याला चिकटली.

तेवढ्यात साहेब आले. मिठ्या, गालावर तीन तीन मुके, अत्तराचा भपकारा. “माझा गेरासिम! माझे कान!” असं म्हणत त्यांनी त्याला सगळ्यांसमोर छातीशी कवटाळलं. गेरासिमला त्या दाढीचा स्पर्श गालावर झाला आणि सुटल्याबरोबर त्यानं तो गाल बाहीनं पुसला.

मग भाषण. हिमखंड असा फुटला, तसा फुटला, मी म्हणालो आधी माझी पोरं जातील. “मित्रांनो,” साहेब गरजले, “कप्तान शेवटी निघतो! मी शेवटच्या विमानानं निघालो!”

मागच्या तीन रांगांत जुने ध्रुववीर बसले होते. तिथून एकदम थू थू थू असा आवाज आला. दहा-बारा म्हातारे एकाच वेळी डाव्या खांद्यावरून थुंकले. कॅमेरेवाली पोरगी दचकून बघायला लागली.

“आता माझा गेरासिम सांगेल,” साहेब म्हणाले.

गेरासिम उभा राहिला. दारात उस्तिन्या हातात सुरी तशीच धरून उभी होती.

“ही तार मी लिहिली,” तो म्हणाला. “पण बर्फावर नाही. बेटावरच्या तळावर, शेगडीजवळ, सॉसेज खात. हे सांगत होते, मी लिहीत होतो. आम्ही दोघं पहिल्या विमानानं आलो होतो.”

कॅमेरेवाली पोरगी कॅमेरा त्याच्याकडे वळवायला लागली.

“दुसरं विमान सहाजणांना घेऊन आलं. प्रोखोर राहिला. विमानाला दिशा दाखवणारे दिवे विझू नयेत म्हणून तो इंजिन चालू ठेवून बसला होता, आणि मध्येच भेग रुंदावली. तो पलीकडे अडकला. वैमानिक म्हणाला, तेल भरा, मी परत जातो. हे म्हणाले, कसा जाशील? सगळे सुखरूप आहेत असं मॉस्कोला कळवून झालंय.” त्यानं उस्तिन्याकडे पाहिलं. “दारू नव्हती. भटकणं नव्हतं. तो कामावर होता. बाकीचे सहा आणि वैमानिक भीतीनं गप्प बसले, आता मातीखाली आहेत. मला अर्खांगेल्स्कमध्ये बाल्कनीची खोली मिळाली. मीही गप्प बसलो.”

आता हा माणूस कोसळेल, निदान चेहरा तरी उतरेल, असं कुणालाही वाटलं असतं. छे! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात ती. साहेबांनी दोन पळं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं, अगदी खरं पाणी.

“मित्रांनो,” ते हळू आवाजात म्हणाले, “ते दिवसच तसे होते. आदेश वरून यायचे. हे ओझं मीही एकट्यानं वाहिलं. आज गेरासिमनं माझं मन मोकळं केलं. प्रोखोरचं नाव त्या दगडावर लागेल! मी स्वतःच्या हातानं कोरेन! उद्याच! कॅमेरा इकडे घ्या, बाळ.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! उभं राहून वाजवल्या. एकीनं डोळेही पुसले. निकांद्र उठला, टोपी डोक्यावर दाबून चालता झाला, आणि त्याच्यामागून मागच्या तिन्ही रांगा रिकाम्या झाल्या. पण पुढच्या रांगा वाजवतच राहिल्या.

साहेब हात पसरून उस्तिन्याकडे निघाले. “ताई, मला क्षमा...”

“हात लावू नकोस,” उस्तिन्या म्हणाली. सुरी तिनं अजून खाली ठेवली नव्हती. “आणि नावही कोरू नकोस. त्याचं नाव तुझ्या हातून नको. कोरलंस तर रात्रीतून येऊन छिन्नीनं उडवीन, समजलं? बेचाळीस आहेत तिथे, बेचाळीसच राहू देत.”

साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघून दुःखानं मान हलवली आणि ते दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

गेरासिम तिच्याजवळ गेला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. निदान तिला तरी खरं कळलं, निदान ती तरी काहीतरी बोलेल.

“एक सांग,” ती म्हणाली. “तुला कसं कळलं तो भेगेपलीकडे जिवंत होता?”

“त्याच्याकडे आणीबाणीचा छोटा रेडिओ होता.”

“बोलला तुझ्याशी?”

“बोलला.”

“किती वेळ?”

गेरासिमनं खाली पाहिलं. “अकरा तास.”

“तू काय उत्तर दिलंस?”

“स्तुदेन्निकोव म्हणाला, उत्तर दिलं तर वहीत नोंद होईल, तो जिवंत होता म्हणून.”

उस्तिन्यानं सुरी टेबलावर ठेवली, ॲप्रनला हात पुसले, बराच वेळ पुसले.

“म्हणजे त्याला वाटलं असेल, रेडिओ बिघडलाय,” ती म्हणाली. “अकरा तास तो रेडिओच दुरुस्त करत बसला असेल, गेरासिम.”