कूलरमधला समुद्र

योगेशच्या आईवडलांना भेटायला जुईली पहिल्यांदा वलगावला गेली ती मे महिन्यातल्या भर दुपारी. ती अकोल्याच्या वकिलांची मुलगी, अमरावतीच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. योगेशच्या घरी भाजीपाला आणि लिंबाची बाग. लग्नाचं दोघांनी ठरवलं होतं, पण योगेशची आई माणिकबाई अडून बसली होती. "पोरगी पाह्यल्याशिवाय मी काई बोलत नाई," एवढंच तिचं म्हणणं.

बैठकीत नवीकोरी, गुळगुळीत कोटा फरशी होती. चहा झाला.

"कालेजात काय शिकवतं म्हणे तू?" योगेशच्या वडलांनी, वामनरावांनी विचारलं.

जुईली गडबडली. "दगड."

"दगड!" माणिकबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "आमी वावरातले दगड येचू येचू बांधावर फेकतो, अन् हे शिकवून राहिली!"

योगेशनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात कूलरचं पाणी बंद पडलं आणि पंखा नुसता गरम वारा फेकू लागला. योगेशनं प्लग काढून मागची जाळी उघडली. जाळीतल्या गवतावर पांढरा थर धरला होता आणि पंपाची नळीही त्यानंच बुजली होती.

"बोअरचं पाणी जड आहे," वामनराव म्हणाले. "आता नवा पंप आणा लागते."

जुईलीनं ओढणी कमरेला खोचली. "काकू, दोन-चार लिंबं द्याल?"

"घ्या! लिंबाच्या घरात लिंबं मांगते," म्हणत माणिकबाईनं पाटीच पुढं सरकवली.

थरावर रस पडताच बारीक फेस आला. वामनराव उकिडवे बसले. "अबे योग्या, हे तं सोड्यावानी फसफसून राहिलं!"

जुईलीनं पंप वाटीभर रसात बुडवून ठेवला. उठताना धक्का लागला आणि थोडा रस फरशीवर सांडला. तिनं घाईनं पुसला, पण चकाकत्या फरशीवर फिका डाग उमटलाच.

"माह्या फरशीले काय झालं?" माणिकबाईचा आवाज चढला.

योगेश काहीतरी सावरायला निघाला, पण जुईलीनं त्याला थांबवलं. "चूक माझी, काकू. लिंबानं फरशी खाल्ली. हाही चुन्याचाच दगड आहे, कूलरमधल्या थरासारखा."

"कूलरवानी? फरशी काय पाण्यात झाली व्हय?"

"हो, समुद्रात. कोट्यवधी वर्षांपूर्वी राजस्थानकडं उथळ समुद्र होता. ऊन तळापर्यंत जायचं आणि नद्यांचा गाळ फारसा यायचा नाही. पाण्यात चुना विरघळलेला होता. पाणी तापलं, की तो विरघळून राहायला तयार नसतो. शिवाय तळावर शेवाळासारखे बारीक जीव होते, त्यांच्यामुळंही तो सुटायचा. मग पिठासारखा खाली बसायचा, थरावर थर. वरच्या ओझ्यानं दाबून दाबून त्याचा दगड झाला. थराथरानं सुटतो, म्हणून तर त्याच्या फरश्या निघतात."

"अन् शंख-शिंपले?" वामनरावांनी विचारलं.

"ते पुढं आले, काका. त्यांचेही चुनखडक होतात, पण ही फरशी त्यांच्याही आधीची."

माणिकबाई उठली. लिंबाची फोड घेऊन आत गेली आणि पाट्यावर पिळून ती परत आली.

"पाट्याले तं काईच नाई झालं. लबाड बोलून राहिली काय?"

"पाटा काळा ना, काकू? तो समुद्राचा नाही, लाव्ह्याचा. आपल्या वऱ्हाडात बहुतेक तोच."

माणिकबाई खाली बसली. सगळ्या फरशीवरून तिनं हात फिरवला. "समुद्र काई म्या पाह्यला नाई," ती हळूच म्हणाली. "अन् रोज सकाळी त्यालेच पोछा मारून राहिली!" आणि स्वतःच खळखळून हसली.

घटकाभरानं जुईलीनं मऊ पडलेला थर काडीनं काढला, पंप धुऊन परत बसवला. पाणी धो धो वाहू लागलं. गार वाऱ्यात वामनरावांनी डोळे मिटले. "दगडवाली कामाची आहे," ते बायकोला म्हणाले.

"मले दिसते ना. मी काय आंधळी हाव?" माणिकबाई जुईलीकडं वळली. "खरं बोलली तू, ते मले आवडलं. ऐतवारी तुह्या मायबापाले घेऊन ये. रोडगे करतो, वांग्याची भाजी करतो. तुमी लोकं तिखट खाता ना?"

"बाबांना नाकातून पाणी येईपर्यंत तिखट लागतं."

"मंग जमलं!"

जुईलीनं अंगणातूनच अकोल्याला फोन लावला. "आई, रविवारी वलगावला यायचंय," ती म्हणाली. पुढचं बोलणं हसण्यातच गेलं, कारण योगेश समोर उभा राहून दोन्ही हात वर करून नाचत होता.