आधीच लिहिलेला आकडा

मी एक जुना बीपीचा डबा आहे. हसू नका मित्रांनो, रक्तदाब मोजायच्या पाऱ्याच्या यंत्राला आमच्याकडे असंच म्हणतात. गोड बोलायची मला सवय नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काचेची नळी, तिच्यात पारा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि तो फुगवायला रबरी फुगा, एवढाच माझा संसार. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी वीस वर्षं राबलो. मग बॅटरीवाली यंत्रं आली आणि मला अडगळीत फेकलं. दीपमाला सिस्टरनं मला तिथून उचललं, पुसलं आणि खापरखेड्याच्या मजूर वस्तीत, रविवारच्या फुकट दवाखान्यात आणलं.

इथे डॉक्टर, नर्स सुट्टी मोडून येतात. का येता, असं विचारलं की म्हणतात, समाधान मिळतं. डोंबल समाधान! कुणाला प्रमाणपत्र हवं असतं, कुणाला फोटो. कुणा म्हातारीच्या दंडाला माझा पट्टा गुंडाळतात, दात काढून फोटो घेतात आणि फुगा न दाबताच पट्टा सोडतात. त्या सगळ्यांचा मला मनस्वी राग येई.

सगळ्यात जास्त राग डॉक्टर सुमंतचा. रांग लांब, याला घरी जायची घाई. म्हणून हा पठ्ठ्या सकाळीच शंभर कार्डांवर १२०/८० लिहून ठेवायचा. कोणी फारच आजारी दिसला, तरच खोडायचा. मी त्याच्या कोपराशी उघडा पडलेला असायचो, रिकामा.

कोळशाच्या गाड्या रिकाम्या करणारे नत्थूजी असंच एक कार्ड घेऊन घरी गेले. आकडा चांगला आला म्हणून त्यांनी बीपीच्या गोळ्या बंद केल्या. दहाव्या दिवशी ते अंगणात कोसळले. डावा हात, डावा पाय गेला.

पुढे त्यांची बायको कौशल्याबाई त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात आणू लागली. पण नत्थूजी दंड पुढे करीनात, गोळी तोंडात घेईनात.

"आकडा चांगला होता, तरी पडलो. मंग मोजून काय फायदा?" ते म्हणत.

"असं काहून करून राहिले जी? अजून एक झटका आला तं मी काय करू?" कौशल्याबाई रडायची.

सुमंत मान खाली घालून दुसऱ्याच कुणाला तपासत बसायचा. अरे भित्र्या, सांग ना! मला तोंड असतं तर मीच ओरडलो असतो.

शेवटी एका रविवारी दीपमाला सिस्टरनं त्याचा पेन काढून घेतला. "सर, नत्थूजींच्या कार्डावरचं अक्षर तुमचं आहे. आज तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

सुमंत उठला. मला उचलून नत्थूजींसमोर जमिनीवर बसला.

"काका, त्या दिवशी मी तुमचं बीपी मोजलंच नव्हतं. आकडा आधीच लिहून ठेवला होता."

कौशल्याबाईचा हात तोंडावर गेला.

"मोजलंच नव्हतं?" नत्थूजी म्हणाले. "अन् मी तं माह्यंच नशीब फुटकं समजून राहिलो होतो."

मला वाटलं, आता हे मला उचलून त्याच्या डोक्यात घालतील. घातलं असतं तर मी खुशाल फुटलो असतो. पण त्यांनी उजवा दंड पुढे केला.

"आता मोज. माह्या डोयासमोर."

सुमंतनं फुगा दाबला. स्टेथोस्कोपच्या नळ्या कौशल्याबाईच्या कानाला लावल्या. पारा हळूहळू उतरू लागला.

"आला! ठोका आला!" ती ओरडली. पारा एकशे नव्वदवर होता.

नत्थूजींनी वाकून तो आकडा स्वतः वाचला. "गोई दे वं," ते बायकोला म्हणाले आणि गोळी तोंडात टाकली. मग सुमंतकडे वळले. "माफ नाई करत मी तुले. पण दर रविवारी येजो अन् माह्यासमोर मोजजो."

तीन वर्षं झाली. सुमंतनं एकही रविवार चुकवला नाही. नवी पोरं विचारतात, "सर, तुम्ही का येता?" तो समाधानाचं नाव घेत नाही. टेबलावरची कार्डं त्यांच्या हातात देतो आणि सगळी कोरी आहेत ना, ते बघायला सांगतो.

मीही त्याला माफ केलेलं नाही. मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला हारबीर घालू नका. पण समोर माणूस बसला असेल, तर आधी मोजा आणि मग लिहा.

हा बघा, ऑटो थांबला. नत्थूजी काठी टेकत आत येतात, खुर्चीत बसतात, बाही वर करतात.

"हं डाक्टर. मोज."