लिफ्टमनची भरपगारी सुट्टी

सरकारी कचेरीतल्या कंत्राटी लिफ्टमनला जन्मात पहिल्यांदा भरपगारी सुट्टी मिळाली, आणि सकाळपासून त्याच्या जिवाला चैन पडेना. नव्या कंत्राटात तसा नियमच होता. पण आजवर खाडा म्हणजे पगाराला कात्री, एवढंच त्याला ठाऊक. त्यात आपल्या जागी बसलेला बदली माणूस उद्या उठलाच नाही तर? घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

"फरशी झिजेल आता," बायको वैतागली. "चला, बघूनच येऊ."

कचेरीत जुन्या, दांड्यानं चालणाऱ्या लिफ्टचं दार उघडलं, तर स्टुलावर ठेकेदाराचा सुपरवायझरच घामाघूम होऊन बसलेला.

"बदली माणूस मिळाला नाही, म्हणून मीच अडकलोय," तो करवादला. "तुला सुट्टी नाही दिली तर आमचं कंत्राट जाईल. जा बाबा घरी!"

लिफ्टमनचा जीव भांड्यात पडला.

"आलोच आहोत तर वर तरी न्या," बायको म्हणाली. नवऱ्याची लिफ्ट तिनं कधी पाहिली नव्हती.

दोघं मागे उभे राहिले. सुपरवायझरनं लिफ्ट मजल्याच्या वीतभर खालीच थांबवली, तसा लिफ्टमनचा हात आपसूक दांड्याकडे गेला. बायकोनं तो घट्ट धरून ठेवला.