नावांचं पान

रूपालीने तळहाताने ओळ झाकली. साखरबाई तरीही वाचतच राहिली. झाकलेली ओळ न अडखळता संपवून ती पुढच्या ओळीवर गेली, बोट कागदावरून नीट सरकवत.

"साखरबाई, माझ्या हाताखालचं कसं वाचलंत?"

बोट थांबलं. साखरबाईने मान खाली घातली आणि मग तिला हसूच आलं.

"आयकून आयकून पाठ झालंय, ताई. डोले मिटले तरी येतं."

बोईसरला पिठाच्या गिरणीवरच्या भाड्याच्या खोलीत दर रविवारी प्रार्थनासभा भरे. पास्टर ज्ञानेश ती चालवत आणि त्यांची बायको रूपाली मंगळवारी दुपारी तिथेच बायकांना अक्षरं शिकवी. साखरबाई मूळची मासवणकडची. तारापूरच्या एका कारखान्यात झाडलोट करायची, पहिली पाळी सुटली की थेट वर्गाला यायची. बाराखडी तिने चार महिन्यांत गिरवून काढली होती. पण बारा वर्षं सभेत ऐकलेलं बायबल सगळं कानात बसलेलं. पान उघडलं की पहिल्या दोन शब्दांवरून उरलेलं आपसूक तोंडात यायचं. आपण वाचतोय की आठवतोय, हे तिचं तिलाच कळत नसे.

येत्या रविवारी ती सभेत पहिल्यांदा वाचणार होती.

"पाठ आहे तेच वाचा," रूपाली म्हणाली. "म्हणजे अडखळायला नको."

साखरबाईने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"नाय ताई. कोनालाच पाठ नसंल असं काय तरी द्या."

रूपालीने थोडा विचार केला आणि येशूच्या पूर्वजांची यादी उघडली. बापापासून मुलापर्यंत, चाळीसेक नावं. सभेत ते पान सहसा कोणी वाचत नसे, पास्टरही ते पटकन उलटत. साखरबाईने बोटाने एक नाव चाचपलं, ओठ हलवून पाहिले.

"अगं बाई," ती म्हणाली. "हेच द्या."

रविवारी सतरंजीवर तीसेक माणसं बसली होती. साखरबाई पदर खोचून उभी राहिली. पहिली सात-आठ नावं निघाली. मग अम्मीनादाब आला.

"अ... म्मी..."

पास्टर सांगायला पुढे झुकले, तशी रूपालीने त्यांचं कोपर दाबलं.

"...ना... दाब. अम्मीनादाब!"

"आला!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. साखरबाईही हसली, पण बोट उचललं नाही. पुढे नहशोन आला तेव्हा खोली आपणहून थांबली होती. आता प्रत्येक नावाची वाट पाहिली जात होती. मध्येच ती अडली. शब्द तर सोपा होता.

"रूथ. ही बाई हाय का, पास्टर?"

"हो, बाईच."

"बायचं पन नाव लिवलंय?"

तिने ते पुन्हा एकदा वाचलं, मोठ्याने, आणि पुढे गेली.

पाव तास लागला. पुस्तक मिटलं तेव्हा टाळ्या पडल्या.

चहा आला. जिवल्या कप न घेताच साखरबाईसमोर येऊन बसला. पन्नाशीचा, सफाळ्याकडच्या पाड्यावरचा, बांधकामावर जाणारा माणूस. सभेत तो फारसा बोलत नसे.

"साखरबाय, माझ्या आयचं नाव लिवशील?"

"काय नाव?"

"लखमी. मी ल्हान असताना गेली. तिचं नाव लिवलेलं कुठंच नाय. रेशनकार्डावर पन नाय."

साखरबाईने गाण्यांच्या कागदाची मागची बाजू पसरली, पेन घट्ट धरलं.

"ताई, ख असाच ना?"

"असाच."

ती लिहीपर्यंत जिवल्याच्या मागे पारू येऊन उभी राहिली होती, तिच्या बापाचं नाव घेऊन. तिच्यामागे आणखी दोघं. कोपऱ्यातली किटली निवत चालली होती, पण चहा घ्या म्हणून कोणी कोणाला सांगितलं नाही.

जिवल्याने कागद दोन्ही हातांनी धरला. एकदा असा, एकदा तसा फिरवला.

"वरची बाजू कोनती?"

"ही आडवी रेघ दिसते ना? ती वर," साखरबाईने बोटाने दाखवलं.

त्याने कागद सरळ केला आणि त्या रेघेवरून सावकाश अंगठा फिरवला.