न पाहिलेले प्रयोग

मित्रांनो, मी एक जुना स्पिरिटचा दिवा आहे आणि मी रागावलो आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावे म्हणतात. मला ते जमणार नाही.

अंबाल्याच्या कारखान्यातून भुशात गुंडाळून मी हडपसरच्या एका शाळेत आलो. तिथे प्रेमलाबाई विज्ञान शिकवत. वीस वर्षे त्यांनी मला पेटवले. नळीतला रंग बदलला की मुले "आई गं!" म्हणून ओरडत. तीच माझी शाबासकी.

मग १९९९ साल आले. जिकडे तिकडे कॉम्प्युटरचे वारे. संस्थेचे चिटणीस गोपाळकृष्णपंत यांनी प्रयोगशाळा रिकामी करून बारा कॉम्प्युटर आणले. आणले ते चांगलेच केले. पण शिकवायला माणूस नेमला नाही. कॉम्प्युटर खोक्यांत, खोली कुलपात आणि आम्ही जिन्याखालच्या कपाटात!

दहावीच्या वर्गाला हुकूम झाला, प्रयोगवही गाइडमधून उतरवून काढा. सगळ्यांनी काढली. आम्रपाली नावाच्या मुलीने मात्र प्रत्येक प्रयोगाखाली लिहिले, 'हा प्रयोग मी पाहिलेला नाही.'

चिटणीसांनी तिला जिन्यापाशीच गाठले. मला सगळे ऐकू येत होते.

"वा! आपण मोठ्या शास्त्रज्ञ दिसता. ही वाक्यं खोडा. नाहीतर वहीवर सही नाही, आणि सही नाही तर बोर्डाची परीक्षा नाही."

"खोटं कसं लिहू, सर? लोखंड आणि गंधक तापवलं की तिसराच पदार्थ होतो म्हणे. मी पाहिलाय कुठं?"

"बाकीच्यांनी तरी कुठं पाहिलाय?"

त्या क्षणी मी पेटू शकत असतो, तर आपणहून पेटलो असतो!

त्याच दुपारी प्रेमलाबाईंनी कपाट उघडले आणि मला त्या कुलूपबंद खोलीसमोरच्या व्हरांड्यात ठेवले. सगळा वर्ग गोळा झाला. बाईंनी लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड मिसळली. आम्रपालीने चुंबक फिरवला. कीस सुटून त्याला चिकटला.

"हे नुसतं मिश्रण," बाई म्हणाल्या. "आता बघा."

त्यांनी पुन्हा सगळे मिसळून परीक्षानळीत भरले आणि नळी माझ्या ज्योतीवर धरली. तळ लाल झाला. बाईंनी मला बाजूला केले, तरी ती लाली आपोआप वर वर चढत गेली. नळी निवल्यावर बाईंनी ती फोडली. आत काळा खडा. चुंबक त्याला हात लावेना.

"लोखंडही नाही, गंधकही नाही. हे आयर्न सल्फाइड. दोघांचं मिळून झालेलं नवं संयुग."

तेवढ्यात चिटणीस आले. "बाई, परवानगी कोणाची?"

"अभ्यासक्रमाची," बाई म्हणाल्या आणि दुसरी नळी हातात घेतली.

आम्रपालीने त्या प्रयोगाखालचे आपले वाक्य खोडले आणि लिहिले, 'पाहिला.' इतरांनी गाइडमधून उतरवलेली पाने फाडली. चार दिवस व्हरांड्यात प्रयोग चालले. वह्यांवर बाईंनी स्वतः सह्या केल्या. सगळी मुले परीक्षेला बसली.

बाईंना मात्र 'व्हरांड्यात धूर केल्याबद्दल' मेमो मिळाला. निवृत्तीपर्यंत त्यांना चौथीचे शुद्धलेखन तपासायला बसवले. एवढी हाडाची विज्ञानशिक्षिका! आणि पुढच्या वर्षीच्या वह्या पुन्हा गाइडमधूनच उतरल्या.

मित्रांनो, माझी काच पुसून ठेवलीत म्हणजे माझी काळजी घेतलीत असे समजू नका. कपाटाची किल्ली मागा. नाही म्हणाले, तर का ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.